वर्गात उभं राहण्याआधी ठरवायच्या गोष्टी: इंदूरच्या कॉलेजात नव्यानं शिकवायला लागणाऱ्यांसाठी

इंदूरच्या कॉलेजांत नव्यानं शिकवायला लागणाऱ्या मराठी मंडळींचे ढोबळ दोन प्रकार. एक इथलेच, रामबागेत नाहीतर सुदामानगरात वाढलेले. त्यांना बाजारात दर दहा पावलांवर कुणीतरी ओळखीचं भेटतं. दुसरे पुण्या-नागपूरहून एखाद्या खासगी विद्यापीठात लागून आलेले. त्यांना भंवरकुआं कुठं आहे हेही मॅपवर बघावं लागतं. नियुक्तिपत्र दोघांच्याही हातात पडतं, पण पहिल्या महिन्यातच काय काय अंगावर येणार आहे ते कुणी सांगत नाही. वर्ग सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी दारात उभा राहिलेला मुलगा आत घ्यायचा का? तुमचाच भाचा वर्गात असला तर त्याचा पेपर कुणी तपासायचा? मार्क वाढवा म्हणून फोन आला तर काय बोलायचं?

हे निर्णय उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत घ्यावे लागतात. त्या क्षणी ध्येयधोरणं आठवत नाहीत, आधीपासून ठरवून ठेवलेलं एखादं वाक्य तेवढं कामाला येतं. म्हणून शिक्षकाची मूल्यं वगैरे जे काही असतं ते सत्र सुरू व्हायच्या आधी कागदावर उतरवावं, आणि मग ते सगळ्यांना सारखं लावावं, असं माझं म्हणणं आहे. मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील.

रुजू होण्याआधी: दोन कागद

पहिला कागद यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा. महाविद्यालयीन शिक्षकांच्या किमान पात्रतेबद्दलचे 2018 चे विनियम सगळे जण पाहतात ते पगार आणि बढतीसाठी. त्यातच शेवटाकडे व्यावसायिक आचारसंहिता आहे, ती मात्र मुलाखतीनंतर कुणी उघडत नाही. दहा मिनिटांत वाचून होते. विद्यार्थ्याला मत मांडण्याचा हक्क आहे, धर्म-जात-लिंग-राजकारण-पैसा बघून वागणूक बदलायची नाही, तासाव्यतिरिक्तही विद्यार्थ्यांना वेळ द्यायचा आणि त्याचा मोबदला घ्यायचा नाही, कामात अडथळा येईल अशा खासगी शिकवण्या आणि कोचिंग क्लास घ्यायचे नाहीत, विद्यार्थ्यांना सहकाऱ्यांविरुद्ध भडकवायचं नाही. भंवरकुआंच्या परिसरात जिन्याजिन्यावर कोचिंगच्या पाट्या आहेत, आणि नव्या माणसाला पहिलं बोलावणं तिथूनच येतं. तेव्हा कोचिंगचं कलम आधी वाचून ठेवलेलं बरं.

याच विनियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवणं धरलेलं आहे. अतिथी विद्वान, म्हणजे कायम नसलेले शिक्षक, म्हणून लागलात तर हिशेब वेगळा, आणि अनिश्चितताही जास्त. पण पुढं जे सांगणार आहे त्यातलं काहीही कायम नोकरीवर अवलंबून नाही.

दुसरा कागद म्हणजे कॅलेंडर. विद्यापीठाचं शैक्षणिक कॅलेंडर घ्या आणि त्यावर माळव्या-निमाडचं कॅलेंडर चढवा. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन या भागांत भगोरियाचे हाट, म्हणजे आदिवासींचे जत्रेसारखे बाजार, भरतात. तिकडची मुलं घरी जातात, आणि जावंच. होळीनंतर पाचव्या दिवशी रंगपंचमी, राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, त्या दिवशी शहरात कुणीही वर्गाचं नाव काढत नाही. म्हणजे जवळपास दोन आठवडे वर्ग विरळ. अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, चालतात, दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला समोर निम्मी बाकं रिकामी. या दिवसांत तुम्ही सर्वांत अवघड प्रकरण शिकवलंत तर ते कुणाचं बुडतं? इंदूरच्या मुलाला नोट्स मित्राकडून संध्याकाळी मिळतात. बडवानीकडच्या पाटी, राजपूर गावांतल्या मुलीला त्या परीक्षेच्या आधी मिळतात. अवघड प्रकरण या आठवड्यांतून सरकवा आणि तिथं उजळणी, उदाहरणं, तोंडी प्रश्न ठेवा. न्याय वगैरे मोठा शब्द न वापरताही हा न्यायच आहे, आणि यासाठी फक्त एक पेन्सिल लागते.

पहिला तास

पहिल्या तासाला विषयाची महती सांगत बसू नका. ती चाळीस मिनिटं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्याऐवजी अर्ध्या पानाचा कागद वाचून दाखवा आणि सूचनाफलकावर लावा: किती मिनिटांपर्यंत उशीर चालेल (मी दहा म्हणते, त्यानंतर आत यायचं पण हजेरी नाही), 75 टक्के हजेरी कशी मोजणार, आजारपणाचा कागद किती दिवसांत द्यायचा, सीसीईच्या, म्हणजे वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या, चाचण्या साधारण कधी, तपासलेली वही किती दिवसांत परत मिळेल, आणि तुम्ही स्टाफरूममध्ये कोणत्या वेळेला भेटाल. शेवटच्या दोन ओळी तुमच्यावर बंधन घालतात. त्या असल्याशिवाय वरच्या ओळींना वजन येत नाही, मुलांना हे बरोबर कळतं.

हजेरी घेताना नाव विचारा, उच्चार चुकला तर पुन्हा विचारा. आडनावावर थांबू नका. "पूरा नाम?" हा प्रश्न आपल्याकडं कशासाठी विचारला जातो हे मुलांना शाळेपासून माहीत असतं. गावाचं नाव विचारायचं तर सगळ्यांना विचारा, निवडक चार जणांना नको.

त्याच अनुषंगानं शिष्यवृत्तीची गोष्ट. अर्ज भरायचे दिवस आले की ऑफिसातून निरोप येतो, आणि अनेक वर्गांत आजही शिक्षक दारातूनच म्हणतात, "एससी-एसटी-ओबीसीवाले खड़े हो जाओ।" हेतू वाईट नसतो, घाई असते. पण साठ जणांच्या वर्गात वीस जण उभे राहतात आणि उरलेले चाळीस बघतात. तुम्ही असं करू नका. तारीख आणि लागणारी कागदपत्रं पूर्ण वर्गाला सांगा, "ज्यांना लागू असेल त्यांनी खिडकी क्रमांक अमुकवर जा" एवढंच. ज्यांचे अर्ज राहिले असतील त्यांचे रोल नंबर ऑफिसकडून घ्या आणि एकेकाला वेगळं सांगा. पंधरा मिनिटं जास्त जातात. डॉ. आंबेडकरांचं जन्मगाव महू इथून तासाभराच्या अंतरावर आहे. दर 14 एप्रिलला तिथं जाऊन हार घालणाऱ्या कॉलेजांनी एवढी पंधरा मिनिटं काढायला हरकत नसावी.

कोणत्या भाषेत बोलायचं

वर्ग हिंदीतून चालेल, पुस्तकं निम्मी इंग्रजी, आणि समोर बसलेल्यांच्या घरी माळवी, निमाडी, भिली, सिंधी, उर्दू, गुजराती, मराठी यांतलं काहीही असेल. पारिभाषिक शब्द फळ्यावर हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत लिहा. पेपर कोणत्याही माध्यमातून लिहिला तरी मार्क सारखे, हे तोंडानं सांगा. पुण्याहून आलेल्यांनी आपल्या हिंदीची काळजी करू नये. पहिल्या आठवड्यात मुलं हसतील, दुसऱ्या आठवड्यात तीच दुरुस्त करून देतील.

मराठी मुलं मात्र तास संपल्यावर मराठीतच बोलायला येतात. "मॅडम, तुम्ही रामबागेतल्याच ना?" स्टाफरूममध्ये, कॉरिडॉरमध्ये खुशाल बोला. भर वर्गात त्यांनी मराठीत शंका विचारली तर उत्तर हिंदीतच द्या. तुम्ही दोन वाक्यं मराठीत बोललात की बाकीच्या वर्गाला वाटतं, यांचं आपापसात काहीतरी आहे. शंका 'सीमांत उपयोगिते'ची असली तरी त्यांना ती मार्कांची वाटते. याबाबत मी जरा कडक आहे, काही सहकाऱ्यांना हे अती वाटतं. वाटू दे.

प्रश्न विचारून थांबणं

"समझ में आया?" या प्रश्नाला आजवर कुठल्याही वर्गानं "नहीं" म्हटलेलं नाही. त्याऐवजी खरा प्रश्न विचारा, आणि विचारल्यावर गप्प राहा. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेनं 1970 च्या दशकात वर्गांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं त्यांना दिसलं. हे थांबणं तीन सेकंद किंवा जास्त केलं की उत्तरं लांब येऊ लागतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. फळ्यापाशी उभं राहून मोजून बघा, पहिल्यांदा जीव जातो.

थांबल्यावर हात कुणाचे वर येतात तेही बघा. पहिल्या दोन बाकांवरचे तेच चौघं-पाच जण. त्यांना थोडं थांबवा, प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगा, मिनिटभर सगळ्यांना उत्तर लिहू द्या, मग मागच्या बाकावरच्या कुणालातरी वाचायला सांगा. लिहिलेलं वाचायचं असलं की खेड्यातून आलेली मुलगीही वाचते, उत्स्फूर्त बोल म्हटलं की खाली बघते. उत्तर चुकलं तर वर्गाला हसू देऊ नका, एवढा एक नियम मोडण्याची मुभा कुणालाच नाही, तुम्हालाही नाही. विनोदी शिक्षक म्हणून लोकप्रिय होण्याचा सोपा मार्ग म्हणजे एखाद्याची फिरकी घेणं. टाळा.

स्वतःला उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि पुढच्या तासाला पहिली पाच मिनिटं त्यासाठी द्या.

मार्क

खरी परीक्षा इथं. विद्यार्थी तुमची सगळी भाषणं विसरतील, पण पाचपैकी अडीच का मिळाले ते दहा वर्षांनीही विचारतील.

प्रश्नपत्रिका काढतानाच गुणदानाची फोड लिहून ठेवा, तपासायला बसल्यावर नको. एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. प्रश्न पाच मार्कांचा: पोह्यांची प्लेट 20 रुपयांवरून 25 ला गेली, विक्री 200 प्लेटवरून 180 वर आली, मागणीची किंमत-लवचिकता काढा आणि अर्थ सांगा. फोड अशी: व्याख्या 1, सूत्र 1, दोन्ही टक्केवाऱ्या 1, भागाकार 1, निष्कर्ष 1. किंमत 25 टक्के वाढली, मागणी 10 टक्के घटली, 10 ला 25 नं भागून लवचिकता 0.4, एकपेक्षा कमी, म्हणजे मागणी कमी लवचिक. (इंदूरकर पोहे सोडत नाही, हे अर्थशास्त्रानंही मान्य केलं.)

आता एका वहीत मुलानं सूत्र उलटं लिहिलंय. टक्केवाऱ्या बरोबर, पण 25 ला 10 नं भागून 2.5 काढलेत आणि लिहिलंय, "एकपेक्षा जास्त, म्हणून मागणी जास्त लवचिक." किती मार्क द्यायचे? एक शिक्षक म्हणेल उत्तर चुकलं, व्याख्येचा एक द्या. मी चार देते: सूत्राचा मार्क जातो, त्यानंतरची आकडेमोड आणि निष्कर्ष त्याच्या स्वतःच्या सूत्राशी जुळतात, एका चुकीची शिक्षा एकदाच. दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. वाद घालायचा तो वह्या उघडण्याच्या आधी, स्टाफरूममध्ये, चहा घेत. सत्तर वह्यांमध्ये अकराव्या वहीला चार आणि बावन्नाव्या वहीला दीड मिळाला, तर मग कुठलाच वाद उरत नाही. तो सरळ अन्याय आहे, आणि ती दोन मुलं हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहत असतात.

तपासण्याची पद्धत अशी ठेवा. सगळ्या वह्यांची पहिली पानं मागं वळवून घ्या, नाव दिसायला नको. एकेक वही पूर्ण तपासू नका. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला गठ्ठा उलटा करा, नाहीतर शेवटच्या वह्यांना कायम तुमचा थकवा आणि वैताग मिळतो. एखादी झकास वही तपासून झाली की पुढची साधारण वही आहे त्याहून वाईट वाटते, त्यावर उपाय ही फोडच. सगळं झालं की सुरुवातीच्या पाच वह्या पुन्हा बघा. हात बसण्याआधी तपासलेल्या असल्यानं त्यांत फरक निघतोच.

वही परत देताना चुकीवर फुली मारून सोडू नका, दोन शब्द लिहा: "सूत्र उलटं", "एकक नाही", "उदाहरण चांगलं". आक्षेप तोंडी घेऊ नका. "कोणता प्रश्न, कोणती ओळ, किती मार्क हवे आणि का" हे चार ओळींत लिहून द्यायला सांगा. नुसती घासाघीस करणारे गळतात आणि ज्याचं खरंच काही राहिलंय तो येतो. बेरीज चुकली असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करा, तोंड वाकडं न करता.

घरून लिहून आणायचे प्रकल्प आता बरेचसे मशीन लिहितं. पकडापकडीत वेळ घालवू नका. निम्मे मार्क पाच मिनिटांच्या तोंडी प्रश्नांना ठेवा: "हा तक्ता कुठून घेतला? हा आकडा दुप्पट झाला तर तुझा निष्कर्ष बदलेल का?" तिथं सगळं कळतं.

अपंग विद्यार्थी असेल तर लेखनिक आणि दर तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ हा त्याचा हक्क आहे. तो मागायला येईपर्यंत थांबू नका, परीक्षा विभागाशी आधीच बोलून घ्या.

"आपलाच आहे, जरा बघा"

इंदूरचा मराठी समाज मोठा असला तरी विणीचा घट्ट. गणपती, कोजागिरी, लग्नं, सगळीकडे तीच माणसं. त्यामुळे सीसीईचे मार्क भरायच्या आठवड्यात फोन येतो:

"अगं, मी कुलकर्णी काकू बोलतेय, तुझ्या आईच्या भिशीतली. आमचा नातू आहे ना तुझ्याकडं, सेकंड इयरला. हुशार आहे गं, पण लिहिताना गडबडतो. आपलाच आहे, जरा बघ हं."

काकूंवर रागावायचं कारण नाही. त्यांच्या दृष्टीनं हा भाजीवाल्याकडे मूठभर कोथिंबीर मागण्याइतका साधा प्रकार आहे. पण "बघते हं" असं म्हणू नका. तो होकार समजला जातो, आणि मार्क कमी आले की भिशीत तुमच्या आईला ऐकावं लागतं. मी जे बोलते ते असं: "काकू, मार्क सगळ्यांचे एकाच पद्धतीनं जातात, त्यात मला काही करता येत नाही. पण त्याला म्हणावं, मंगळवारी दोन ते तीन मी स्टाफरूममध्ये असते, वही घेऊन ये. लिहिताना कुठं गडबडतो ते मी बसून दाखवते." नंतर आईची चौकशी, गुडघ्यांची चौकशी, फोन बंद. यात नकार आहे आणि मदतही आहे, आणि ती मंगळवारची वेळ पहिल्या दिवशी सूचनाफलकावर लागलेलीच असते, म्हणजे नातवाला वेगळं काही मिळालेलं नाही.

फोन वरून आला, म्हणजे संस्थेतल्या कुणा मोठ्या माणसाचा किंवा एखाद्या नेताजींच्या माणसाचा, तर आवाज न चढवता एवढंच म्हणा, "जी, आप लिखकर भिजवा दीजिए, मैं फाइल में लगा दूँगी।" बहुतेक प्रकरणं तिथंच संपतात. संपलं नाही तर विभागप्रमुखांना त्याच दिवशी लेखी कळवा, दुसऱ्या दिवशी नको.

रक्ताचं नातं वर्गात असेल तर सत्राच्या सुरुवातीलाच विभागप्रमुखांना चिठ्ठी द्या आणि त्याचा पेपर दुसऱ्याकडे तपासायला द्या. काही शिक्षक याच्या उलट टोकाला जातात: आपला म्हणून भाच्याला मुद्दाम दोन मार्क कमी. लोकांत नाव होतं, पोराचं वर्ष जातं. तीही लबाडीच.

दार, फोन, भेटवस्तू

हे थोडक्यात. एकट्या विद्यार्थ्याशी बोलताना खोलीचं दार उघडं, मग शिक्षक बाई असो की पुरुष. व्हॉट्सॲपचा गट सूचनांपुरता, रात्री नऊनंतर संदेश नाही, एकट्या विद्यार्थिनीला खासगी संदेश नाही. गुरुपौर्णिमेला फूल आणि पाया पडणं चालेल, मिठाईचा डबा स्टाफरूमच्या टेबलावर सगळ्यांसाठी, त्याच्या वरचं काही असेल तर हसून परत. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर कोण आहे, रॅगिंगची तक्रार कुठं द्यायची, ही नावं स्वतःला पाठ हवीत. कुणी रडत तुमच्याकडं आलं की तेव्हा वेबसाइट शोधत बसायची वेळ नसते.

रडत येणारेही असतातच. खेड्यातून आलेली, खोली करून राहणारी, घरून महिन्याला मोजके पैसे येणारी मुलं एकदम वर्गातून गायब होतात. सलग चार-पाच गैरहजेरी दिसली की हजेरीपटावर लाल खूण करून थांबू नका, मित्रांकडे चौकशी करा. बोलायला आला तर ऐका, उपदेश आवरा, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. जिवाला धोका वाटला तर तुम्हाला सांगावंच लागेल. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि हिंदी-मराठीतही आहे. हा नंबर सूचनाफलकावरच्या त्या अर्ध्या पानाच्या तळाशी पहिल्या दिवसापासूनच लिहून ठेवा. म्हणजे कुणाला तो तुमच्याकडे मागावा लागत नाही.

सत्र संपताना

अंतर्गत मार्क जाहीर झाल्यावर, आधी नाही, वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. नाव लिहायचं नाही. तीनच प्रश्न: कोणतं प्रकरण कळलं नाही, मी काय करते ते थांबवावं, वर्गात कुणाशी मी वेगळं वागले असं वाटलं का. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं एकट्यानं, घरी वाचा. एकाच मुद्द्यावर पाच-सहा चिठ्ठ्या जुळल्या तर तो मुद्दा खरा धरा. एखादीच जहरी चिठ्ठी असेल तर ती गठ्ठ्यात परत ठेवा.

मग एक फाईल बनवा: प्रश्नपत्रिका, गुणदानाच्या फोडी, सणांसकट केलेलं वेळापत्रक, अर्ध्या पानाची नियमावली, आणि प्रत्येक प्रकरणापुढं पेन्सिलनं "इथं दोन तास जास्त लागतात" अशा नोंदी. पुढच्या वर्षी तो विषय तुमच्याकडं असेलच असं नाही, अतिथी विद्वानांच्या बाबतीत तर जागाच बदलते. फाईल विभागाच्या कपाटात ठेवा, एक प्रत स्वतःकडं, आणि ज्याच्याकडं विषय जाईल त्याला कपाटाची किल्ली कुणाकडं असते तेही सांगून ठेवा.